बावखलातली सासू

"पाणी माझ्या परवानगीशिवाय आत शिरत नाही!"

हे वाक्य मार्सेल तुस्कानोने वालीवच्या पंपाच्या कारखान्यात एकतीस वर्षं ऐकवलं. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार असतानाही ऐकवलं. पंपात पाणी जिथून शिरू नये तिथे सील बसवायचं, एवढंच त्याचं काम. पण तो ते अशा थाटात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, वसईची खाडी यानेच थोपवून धरली आहे!

निवृत्त माणूस घरात बसला की घराचं काही खरं नसतं. पहिल्या आठवड्यात मार्सेलने सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना ग्रीस फासलं. दुसऱ्या आठवड्यात त्याच ग्रीसचे डाग बायकोच्या, म्हणजे फ्लॉसीच्या, चर्चला जायच्या साडीला लागले. तिसऱ्या आठवड्यात खोकं आलं. त्यात एक पाणबुडी होती. म्हणजे पाणबुडीचे तीनशे बारा तुकडे होते.

"हे काय आणलंत?"

"पाणबुडी. रिमोटवर चालते. बुडते, फिरते, परत वर येते."

"बुडायला तीनशे तुकडे कशाला लागतात?" फ्लॉसीने विचारलं.

मार्सेलने सगळे तुकडे जेवणाच्या टेबलावर ओतले. मोठी माणसं अशा प्रश्नांना उत्तरं देत नाहीत.

दीड महिना जेवणाचं टेबल बंदरासारखं झालं होतं. रोज सकाळी मार्सेल चष्मा कपाळावर चढवून बसायचा आणि दिवसभर तोच चष्मा शोधायचा. किटबरोबरच्या पुस्तकात ठळक अक्षरांत एक सूचना होती: पाण्याखाली चालायला जुन्या पद्धतीचा, कमी फ्रिक्वेन्सीचा रिमोट घ्यावा. मार्सेलने विमानांचा रिमोट मागवला. त्याच्या खोक्यावर 'एक किलोमीटर' असं छापलं होतं. बावखल तर चाळीस पावलांचं! मग सूचना कुणासाठी? नवशिक्यांसाठी!

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. मार्सेलच्या घरामागे केळीच्या बागेपलीकडे हे बावखल होतं, वाडवडलांनी खणलेलं. आता तिथलं पाणी कोणी काढत नाही. कडेच्या झाडांनी ऊन अडवलेलं, अर्ध्या पाण्यावर जलपर्णी माजलेली, आणि उरलेलं पाणी भर दुपारीही काळं. शेजारच्या सुझानबाई ठामपणे सांगत की त्याला तळ नाही. त्या स्वतः कधी काठापर्यंतही गेल्या नव्हत्या, पण हे त्यांना ठाऊक होतं.

पाणबुडी तयार झाली. बाथरूमच्या टबात सोडली तर शेपूट खाली आणि नाक वर! नाकात वजन कमी पडत होतं. दोनशे ग्रॅम. मार्सेलने घर पालथं घातलं. खिळे घातले तर खुळखुळत होते, शिसं मिळत नव्हतं. शेवटी बेडरूमच्या कपाटात त्याला एक काळी प्लास्टिकची डबी सापडली. कुठल्या तरी जुन्या चार्जरसारखी. वजन केलं, एकशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम! नाकात अशी बसली की जणू मापानेच बनवली होती. मार्सेलने वरून सिलिकॉनची जाड रेघ ओढली आणि म्हणाला, "आता ये म्हणावं पाण्याला."

आता ही डबी कसली, हे मार्सेलला का कळलं नाही ते सांगायला हवं. फ्लॉसीची आय, प्रिस्काबाई, चार वर्षांपूर्वी वारली. गावात कुठेही मयत झालं की रात्रभर रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना सांगायला तिलाच बोलावत. शेवटच्या वर्षी बोळिंजच्या फ्लॅटमध्ये राहणारा तिचा नातू, फ्लॉसीचा भाचा जेसन एक छोटा रेकॉर्डर घेऊन आला आणि त्याने आयची रोझरी त्यात भरून घेतली. दुसरी प्रत करायची करायची म्हणता राहून गेली. फ्लॉसीने त्या रेकॉर्डरला क्रोशाचं पांढरं कव्हर विणलं. दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ती तो कबरीवर ठेवायची आणि मेणबत्त्यांच्या उजेडात आय पुन्हा प्रार्थना सांगायची. मार्सेलने चारही वर्षं ते पांढरं कव्हर लांबून पाहिलं होतं. लांबून, कारण तो दफनभूमीच्या फाटकापाशी जुन्या दोस्तांना पंपाच्या गोष्टी सांगत उभा असायचा. यंदा कव्हर धुऊन दोरीवर वाळत घातलेलं होतं. कपाटात होती ती नुसती डबी.

दोन नोव्हेंबर उजाडला. दुपारी चार वाजता चर्चची घंटा मृतांसाठी वाजायला लागली, एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक.

"पाचला निघायचंय हां," फ्लॉसी शेवंतीच्या वेण्या ओल्या फडक्यात गुंडाळत म्हणाली. "यंदा फाटकापाशी नाही उभं राहायचं. आयपाशी यायचं."

"येतो ना," मार्सेल म्हणाला, आणि पाणबुडी टॉवेलात गुंडाळून मागच्या दाराने सटकला.

बावखलावर चिटपाखरू नव्हतं. केळीची पानंसुद्धा हलत नव्हती. मार्सेलने पाणबुडी अलगद पाण्यात ठेवली. तिच्या मनोऱ्यातला हिरवा दिवा लागला. कळ पुढे ढकलताच ती सरळ निघाली, आवाज न करता. मार्सेलच्या अंगावर अभिमानाने मूठभर मांस चढलं. मग त्याने बुडायची कळ दाबली.

पाणी तिच्यावर मिटलं. हिरवा दिवा वीतभर खाली गेला, हातभर खाली गेला. मार्सेलने वर यायची कळ दाबली.

दिवा तसाच पुढे जात राहिला.

त्याने कळ पुन्हा दाबली. रिमोट उंच धरून दाबली, वाकून दाबली, शेवटी गुडघ्यावर बसून दाबली. विमानाच्या रिमोटचा हुकूम हवेत किलोमीटरभर जातो. पाण्यात तो हातभरावरच मरतो. पाणबुडी शेवटचा हुकूम धरून बसली होती आणि आपल्या मनाने चालली होती. हिरवा ठिपका काळ्या पाण्यातून सावकाश वळला, जलपर्णीखाली शिरला. पानांच्या फटींतून थोडा वेळ हिरवट उजेड दिसला. मग तोही विझला.

घंटेचा ठोका पडला. बेडूक एकदम गप्प झाले. मार्सेलला उगाचच वाटलं की आपण इथे एकटे नाही. त्याने मागे पाहिलं. केळी होत्या. तरी त्याने पुन्हा एकदा पाहिलं.

आणि पलीकडच्या काठाकडून, जलपर्णीच्या खालून, कुणीतरी खाकरलं.

मार्सेल जागच्या जागी थिजला. ते खाकरणं तो ओळखत होता! जेवणाच्या पंगतीत त्याने दुसऱ्यांदा मटण वाढून घेतलं की हेच खाकरणं ऐकू यायचं!

"नमो मरिये, कृपापूर्णे..." पाणी बोलायला लागलं. जाड, ओला आवाज. मध्येच बुडबुडे, पुन्हा शब्द.

"आय?" मार्सेलच्या तोंडून निघालं. "मी... मी पाचला येणारच होतो!"

तेवढ्यात केळीतून जयराम आला. तो मार्सेलची बाग बघायचा. हातातला कोयता त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

"मार्सेलभाऊ, पान्यात कोन बोलतंय?"

"कोणी नाही."

"कोनी नाय कसा? परार्थना चाललेय!"

कुंपणापलीकडून सुझानबाईंनी आवाज ऐकला. दफनभूमीकडे निघालेल्या त्या हातातल्या फुलांसह बागेच्या फाटकातून आत आल्या, दोन पावलांवर थबकल्या आणि धपकन गुडघ्यांवर बसल्या. "प्रिस्का! अगं बाय, तुझी सुटका नाही झाली काय?" एवढं म्हणून त्यांनी खणखणीत आवाजात प्रार्थनेचा पुढचा अर्धा, उत्तराचा भाग सांगितला. जलपर्णीतून लगेच पुढची नमो मरिया आली. सुझानबाईंनी तिलाही उत्तर दिलं. जयराम हिंदू, पण कोयता खाली ठेवून तोही हात जोडून उभा राहिला. अशा वेळी धर्म बघत बसायचा नसतो! मार्सेलनेही गुडघे टेकले. वरून एक नारळ पाण्यात पडला तेव्हा तिघांनीही एकमेकांचे हात धरले.

"हिला काहीतरी हवंय," सुझानबाई कुजबुजल्या. "मार्सेल, तू काय केलंस तिचं?"

"मी काय करणार? मी तर..."

"कपाटात नाही! कुठ्ठे नाही!" फ्लॉसी घरातून धावत आली. हातात क्रोशाचं पांढरं कव्हर, रिकामं. "अहो, आयचा रेकॉर्डर बघितलात का? काळी डबी, एवढीशी..."

ती थांबली. तिने ऐकलं. तिने ना क्रूसाची खूण केली, ना ती गुडघ्यांवर बसली. तिने काठावरचा टॉवेल पाहिला, रिमोट पाहिला, शेवटी नवऱ्याकडे पाहिलं. मार्सेलला त्या क्षणी भूत परवडलं असतं.

"वजन कमी पडत होतं," तो पुटपुटला. "दोनशे ग्रॅम."

"आयचा चेहरा फोटोत आहे हो," फ्लॉसी म्हणाली. ती ओरडली नाही, हेच वाईट होतं. "आवाज एवढाच होता."

मार्सेल पाण्यात उतरला. लेंग्यासकट, चपलांसकट. त्याला पोहता येत नव्हतं. तळ नसलेलं बावखल त्याला आधी कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. पायांखालचा चिखल घोटे धरून ठेवत होता. जलपर्णी बाजूला करत तो आवाजाच्या रोखाने गेला, आणि जसजसा जवळ गेला तसतसा आवाज बदलत गेला. आयचा आवाज जड झाला, लांबला, पुरुषासारखा झाला. एकेक अक्षर खोल विहिरीतून ओढून काढावं तसं येत होतं. काठाच्या गाळात पाणबुडी नाक वर काढून रुतली होती. त्याने तिला उचललं. ती भरलेल्या घागरीएवढी जड होती. सिलिकॉनच्या रेघेखालून पाण्याची धार लागली होती, आणि आत शिरलेल्या त्याच पाण्याने डबी आपोआप चालू केली होती.

"आ... मे..." डबी म्हणाली आणि गप्प झाली.

दोन दिवस डबी तांदळाच्या डब्यात होती आणि फ्लॉसी मुकी होती. ती जेवायला वाढायची, समोर बसायची, पण बोलत नव्हती. त्या संध्याकाळी कबरीवर फक्त मेणबत्त्या लागल्या होत्या. मार्सेल या वेळी फाटकापाशी थांबला नाही. कबरीपाशी उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याने दगडावरची तारीख नीट वाचली. त्याला रडू आलं. पाणबुडी त्याने स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने डबी उघडली, पुसली, नवी बॅटरी घातली. बटण आत जाऊन अडकलं ते बाहेर आलंच नाही. फ्लॉसी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

खरखर झाली. मग कुणीतरी खाकरलं.

फ्लॉसी मटकन खुर्चीत बसली. आयने रोझरी सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. दोघांनी मिळून उत्तरं दिली. शेवटचा आमेन झाला. दरवर्षी फ्लॉसी इथे बटण दाबायची. आज बटण दाबलंच जाईना, आणि आय पुढे बोलायला लागली.

"झालं का रे जेसन? केलंस बंद? बरं. आता ऐक, जरा ते नळाखालचं पातेलं ओत मोरीत. भरलं असेल. अरे तो नळ, तुझ्या मार्सेलकाकाने बसवलेला. बसवल्या दिवसापासून गळतोय. तो येणार असला की मी पातेलं लपवते. फ्लॉसीला बोलू नको हां. शहाणा माणूस आहे बिचारा, त्याला वाईट वाटेल."

खरखर झाली. रेकॉर्डिंग संपलं.

फ्लॉसी हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, पुन्हा हसली. तीन दिवसांनी तिचं हसणं ऐकून मार्सेलला इतकं बरं वाटलं की अपमान झाला आहे हे त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं.

"केवढं पातेलं?" त्याने शेवटी विचारलं.

"मोठं," फ्लॉसी पदराने डोळे पुसत म्हणाली. "जर्मनचं. आपल्या लग्नात रस्सा केला होता ना, ते!"