लॅटिन राखणदार

त्र्यंबकराव खांबेटे मास्तर सकाळपासून चिडलेले होते. तसे ते रोजच चिडलेले असत, पण आज कारण होतं. रत्नागिरीच्या शाळेत लॅटिन शिकवणाऱ्या या मास्तरांना खाडीपलीकडच्या वाडीत शेंदूर फासलेल्या एका दगडावर रोमन अक्षरं दिसली होती. त्यांनी मोठ्या हौसेने मुंबईच्या एका विद्वान प्रोफेसरांना कळवलं, तर उलट टपाली उत्तर आलं, "कोकणात लॅटिन शिलालेख? गुराख्यांनी कोयत्याने मारलेले ओरखडे असतील. ठसा पाठवा, नाहीतर विषय सोडा." उद्या मोसमातली शेवटची आगबोट सुटणार होती. तिच्यातून ठसा गेला नाही, तर अख्खा पावसाळाभर मुंबईत मास्तरांचं हसं होणार होतं.

"ओरखडे म्हणे! ह्याच्या अकलेवरचे ओरखडे!" असं पुटपुटत मास्तर टीपकागद, ब्रश आणि बादली घेऊन होडीतून उतरले. दगडाजवळ भागोजी गुरव विडी ओढत बसला होता.

"सरक बाजूला. हा दगड धुवायचाय मला."

"दगड नव्हं मास्तर, राखणदार हाय आमचा. कौल घेतल्याबिगर हात लावायचा नाय."

कौल म्हणजे देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दगड वाचायला दगडाचीच परवानगी! मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. भागोजीने कौल लावला आणि नशिबाने उजवा झाला.

मास्तरांनी शेंदूर खरवडला, ओला टीपकागद दगडावर पसरला आणि प्रोफेसरच तावडीत सापडल्यासारखा तो ब्रशने बडवला. आता कागद उन्हात खडखडीत वाळायचा आणि आपोआप सुटायचा, म्हणजे अक्षर न् अक्षर त्यावर उठून येणार होतं. तोवर त्याला कुणी शिवायचं नाही, एवढंच काम होतं.

तेवढ्यात वाडीतली येसूबाई डोक्यावर पाटी घेऊन आली. दगडभर चिकटलेला ओला कागद बघून तिने हात जोडले.

"अगो बाय! केवढा मोठा कौल लावलाय!"

"हा कौल नाही, कागद आहे!"

पण येसूबाईचं विचारून झालंसुद्धा, "माझ्या रामानं उद्याच्या बोटीनं मुंबयला जावं का?" वाऱ्याची झुळूक आली आणि कागदाचा उजवा कोपरा सुटला. बाईचा चेहरा पडला. पोरगा गावातच राहावा असं तिला मनातून वाटत होतं. "ह्यो काय खरा नाय. पुन्ना इचारते," म्हणत तिने बादलीतलं पाणी कागदावर शिंपडलं.

"अहो बाई!" मास्तर असे ओरडले की झाडावरचे कावळे उडाले. ओरडणं वाडीभर गेलं आणि मास्तरांनी काही मोठा कौल लावलाय म्हणून माणसं जमू लागली. मचवा चालवणारा गनी तांडेलही आला.

"आमी कौल इचारत नाय हां," तो म्हणाला, "पन कोन दुसरा इचारील तं आयकतो. मचवा अजून एक खेप मारील काय?"

डावा कोपरा सुटला. गनीने डोकं खाजवलं. "येसूबाय, जरा पानी मार गो."

मग काय विचारता! विठूची म्हैस गाभण आहे का, सखूचा नवरा बाटली सोडील का, एकेक प्रश्न येत गेला. मनासारखं उत्तर आलेला हसत घरी जाई आणि न आलेला पाणी शिंपडी. कागद वाळायचं नाव घेईना. मास्तर बादली लपवायला गेले, तर लोकांनी घरून तांबे आणले. ऊन उतरायला लागलं.

"भागोजी! हाकल ह्या गाढवांना!"

"कसा हाकलू? कौल तुमी लावलाव. तुमी तुमचं गाऱ्हानं घाला, काय मागायचा ता मागा, मंग कौल बंद. मंग पान्याचा थेंब पडनार नाय."

"मी? मी ह्या दगडाला गाऱ्हाणं घालू?"

"नायतर लोक हायेतच."

मास्तरांनी उतरत्या उन्हाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि त्यांचा बांध फुटला. "घालतो! घालतो गाऱ्हाणं! कागद अखंड सुटू दे, उजवीकडे पडू दे, त्या प्रोफेसरचं नाक कापू दे! कोंबडा देतो तुला, कोंबडा!"

"व्हय म्हाराजा!" सारी वाडी एका सुरात गरजली.

त्यानंतर कुणी चूळभरसुद्धा पाणी उडवलं नाही. खाडीवरचा वारा संध्याकाळपर्यंत वाहत राहिला. शेवटचं ऊन असताना कागद करकरला आणि अखंड, उजवीकडे, मास्तरांच्या पसरलेल्या हातांत पडला. अक्षरं लख्ख होती. कुणा दर्यावर्दी ल्युसियसचं नाव, आणि खाली व्ही, एस, एल, एम. रोमन दगडांवर हमखास कोरलेली ही चार आद्याक्षरं मास्तर झोपेतही वाचू शकत होते. आनंदाने त्यांचे डोळे भरले, आणि लगेच ते पांढरे झाले.

"काय लिवलाय?" भागोजीने विचारलं.

काहीच लिहिलेलं नाही म्हणावं, तर प्रोफेसरचे ओरखडेच खरे ठरत होते. मास्तर दातओठ खात म्हणाले, "नवस फेडला... आनंदाने... रीतीप्रमाणे."

"कोंबड्याचा?"

"ते लिहिलेलं नाही!"

ठसा आगबोटीने गेला. पुढच्या बाजाराच्या दिवशी, जन्मात अंड्याला न शिवलेले खांबेटे मास्तर काखेत जिवंत कोंबडा धरून खाडी उतरले. त्याने त्यांचं मनगट टोचून काढलं होतं, होडीभर लोकांनी भाव विचारला होता, आणि मास्तर रागाने कोंबड्याच्या तुऱ्यापेक्षा लाल झाले होते.

"घे! आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस!"

भागोजीने हात मागे घेतला. "असा चालायचा नाय, मास्तर. तुमीच वाचलाव. आनंदानं."

मास्तरांनी दगडाकडे पाहिलं. चारही अक्षरं पुन्हा शेंदराने माखली होती, पण ती तिथेच होती, आणि ती खरी आहेत असं त्यांनी स्वतःच्या सहीने मुंबईला कळवलं होतं. मग हळूहळू, एकेक दात दाखवत, ते हसले.

शाळेत कुणी कधी न पाहिलेलं ते हसू बघून कोंबडासुद्धा ओरडायचा थांबला.