रातीला काय लावायचं?

"आवं मास्तर, रातीला काय लावायचं?"

आमच्या शेजारच्या पारूमावशी कुंपणावरून ओरडून विचारतात. नव्या माणसाला वाटतं, गुडघ्याचं मलम विचारताहेत. मावशींना हवं असतं इंग्रजी शब्दयोगी अव्यय.

"ॲट. ॲट नाइट."

"आन सकाळला?"

"इन. इन द मॉर्निंग."

"का? रातीनं काय घोडं मारलंय?"

माधवनगरला मी कैक वर्षं इंग्रजी शिकवतोय, पण असं विचारणारं पोर अजून भेटलेलं नाही. शेवटी मावशींनीच निकाल लावला. "सकाळ लांबरुंद आसती. मानूस आत शिरून कामं करतं, म्हून इन. रातीत काय, निस्तं पडायचं!" सोमवारच्या सकाळी 'ऑन' का? "सोमवाराच्या पाठीवर बसून येती ती."

हा सगळा खटाटोप सुनेसाठी. मावशींचा मुलगा सैन्यात. त्यानं केरळची शायनी लग्न करून आणली आणि तो पुन्हा ड्यूटीवर गेला. शायनी मिरजेला एका दवाखान्यात नर्स आहे. तिला मराठी येत नाही, मावशींना मल्याळम. मग उरली इंग्रजी.

एकदा शायनीचा फोन आला, "आय विल कम बाय इव्हनिंग." मावशी धावत माझ्याकडं. "बाय बस कळतं, बाय रेल्वे कळतं. ही इव्हनिंग कंची गाडी?" मी तोंड उघडेपर्यंत त्या स्टँडकडं निघाल्याही. दिवस मावळेतो प्रत्येक कंडक्टरला विचारत बसल्या. शायनी मैत्रिणीच्या स्कूटीवरून केव्हाच घरी आलेली.

परवा दुपारी मावशी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी म्हटलं, "मावशी, पोरगी हुशार आहे. मराठी शिकेल की पटकन. तुम्ही कशाला डोकं शिणवता?"

त्यांचे हात थांबले.

"ती शिकंल वं. पर तवर तिनं कुणासंगं बोलायचं?" मग म्हणाल्या, "मी जतच्या पल्याडची. लगीन होऊन आले तवा मला निस्तं कानडी यायचं. हितं कुणालाच येत न्हवतं. लय दिस शेरडांसंगं बोलत व्हते. रोज त्यास्नी इचारायची, 'ऊटा आयता?' म्हंजी, जेवलीस का? ऐकून घ्यायची बिचारी. पर मला माघारी कोन इचारनार?"

तेवढ्यात फाटक वाजलं. शायनी आली होती.

"यू ईट इन आफ्टरनून?" मावशींनी विचारलं.

मधला 'द' गळला होता. मी तो गळू दिला.

"येस, अम्मा," शायनी चपला काढत म्हणाली. "यू?"