काकूंचा डावा हात
कौसडीकर सर भेटले की नमस्कार करत नाहीत, थेट मनगट धरतात. वसमत रोडवरच्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून जावयापर्यंत कुणीही यातून सुटलेलं नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. नोकरी संपली, खोड राहिली.

“ही उडायलीय ती धमनी. हृदयाकडून येती. भिंत जाड, अंगात लय जोर. अन् वर निळी दिसायलीय ती शीर, परत जाणारी. पातळ, गरीब. ती उडत न्हाई. काय समजलं?”

समजलं म्हणेपर्यंत हात सुटत नाही. एका भाजीवालीनं तर वैतागून मिरच्या फुकट दिल्या आणि हात सोडवून घेतला.

मग सरांच्या बायकोची, आमच्या काकूंची, मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिससाठी डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या हातातली धमनी शिरेला जोडली. सर डॉक्टरांशीच भांडले. “धमनीचं रक्त थेट शिरेत? त्या गरिबाला हा जोर झेपल का?”

झेपला. शीर फुगून बोटाएवढी झाली आणि आतून घुरघुरू लागली. सर रोज सकाळी चहाआधी तिच्यावर तळवा ठेवायचे आणि अंगणातून ओरडून गल्लीला सांगायचे, “वाजायलीय!” ती वाजते तोवर डायलिसिस, डायलिसिस आहे तोवर काकू, हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. त्या हातात घड्याळ नाही, बांगडी नाही. “आवळलं की बंद पडंल,” सर बजावायचे.

पोखर्णीला भाचीच्या लग्नात कासारीण बांगड्या भरायला बसली होती. सवाष्णीचा एक हात रिकामा कसा ठेवायचा, म्हणून नात्यातल्या बायकांनी आग्रह करून काकूंच्या डाव्या हातातही चुडा भरला, चांगला घट्ट. काकूंना नको म्हणता आलं नाही. सर तेव्हा मांडवात नवरदेवाचं मनगट धरून त्याला धमनी समजावत होते.

रात्री उशिरा घरी येऊन काकू दमून चुड्यासकट डाव्याच कुशीवर झोपल्या. सकाळी सरांनी तळवा ठेवला, आणि गल्लीला काहीच ऐकू आलं नाही. डायलिसिससाठी डॉक्टरांनी मग मानेत नळी घातली, तिथं जंतुसंसर्ग झाला आणि काकू गेल्या.

सवाष्ण गेली म्हणून त्याच बायका हिरवा चुडा भरायला बसल्या. मला त्यांचा संताप आला होता. उजवा हात भरून झाला. डावा उचलला, तसे कोपऱ्यातले सर उठले. आता ते यांना फाडून खाणार असं वाटलं, आणि मला ते हवंच होतं.

सर खाली बसले. त्या गार हातावर रोजच्यासारखा तळवा ठेवला.

“ह्या हातात नका भरू,” ते हळूच म्हणाले. “तिला आवळतंय.”