बेंदराला आलू-पुरी

माझे सासरे सणाच्या दिवशी कमरेला पंचा गुंडाळून स्वयंपाकघरात शिरत आणि जाहीर करत, "आज म्येनू बदली!" मग घरात कुणाची मात्रा चालत नसे. दसऱ्याला पराठे, दिवाळीला पंजाबी कढी. एका पाडव्याला तर त्यांनी कस्टर्ड केलं. भावकी त्याला पिवळी पेज म्हणाली. सासऱ्यांनी सगळ्यांच्या वाट्या पुन्हा भरल्या.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. ते पलटणीत लांगरी, म्हणजे जवानांचे आचारी होते. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात लोक म्हणत, "म्हातारं बिघडलंय." मामा मिशीवर हात फिरवत. "वीस वर्सं पलटण जेवली. तुमचीच जीभ लय मोठी लागून गेली!"

हे वेड सुरू कसं झालं ते मलाच सांगायला हवं, कारण त्याचं मूळ मीच.

मी माणदेशातली. दुष्काळात रेशनच्या मिलोच्या, म्हणजे तांबड्या ज्वारीच्या भाकरी थापून हात तयार झालेले. पुरणपोळी वर्षातून एकदा, तीही आजीच करायची. लग्नानंतर पहिला बेंदूर आला. बैलांचा सण, पुरणाचा नैवेद्य, आणि भावकीची रीत अशी की नव्या सुनेची पोळी थोरल्या चुलतसासूबाईंनी चाखायची. त्या ठेवतील ते नाव जन्मभर चिकटे. एका जावेचे केस पांढरे झाले तरी तिला 'कच्ची' म्हणत.

माझी पहिली पोळी तव्यावर फुटली. दुसरी, तिसरीही. जळक्या पुरणाचा वास घरभर सुटला आणि मी चुलीपुढे रडत बसले. मामा दारात आले. त्यांनी तव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऊठ पोरी. बटाटं सोल."

फुटक्या पोळ्या आणि सगळं पुरण त्यांनी बैलांपुढे ठेवलं. बैलांनी काही नावं ठेवली नाहीत. मग कणकेत पीठ वाढवून मामा पुऱ्या तळायला बसले.

चुलतसासूबाईंनी ताट पाहिलं. "भावजी, बेंदराला बटाटा? आज एकादस हाय व्हय?"

"मला पुरणाचा वीट आलाय, वैनी. घर माझं, म्येनू माझा. बसायचं तर बसा."

त्या तरातरा निघून गेल्या. गावभर मामांची शोभा झाली आणि माझ्या पोळीचं कुणी विचारलंच नाही. पण दसऱ्याला पुन्हा पुरण मागितलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. म्हणून दर सणाला नवं काहीतरी.

सासूबाई मला दुपारी दार लावून पोळी शिकवायच्या. एकदा त्या बोलून गेल्या, "आगं, पेन्शनीत आल्यावर त्या बेंदरापतुर ते चुलीकडं कवा फिरकलं न्हाईत. आन् पुरणाबिगर त्यास्नी सण सणच वाटत न्हाई." मला फार लाज वाटली. माझ्या पायी हा माणूस दोन वर्षं आवडीचा घास सोडून बसला होता.

तिसऱ्या बेंदराला मी स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिले. "आवं मामा, आज तुमी भाईर बसा."

पोळी वाढली. मामांनी एकामागून एक पोळ्या खाल्ल्या. सहाव्या पोळीला तूप मागितलं, ती संपवली आणि उष्ट्या हातानेच उठून अंगणात गेले. चुलतसासूबाईंच्या घराकडे तोंड करून सगळ्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले,

"वैनी! या, माझ्या सुनंच्या हातची पोळी खायला! न्हाई आलासा, तर ताट घिऊन मीच येतो!"