शब्दाआधीचा घुमारा

निवृत्त ध्वनिमुद्रकाने नातीसाठी पुन्हा भुताची गोष्ट करायला घेतली ती नाइलाजाने. रविवारी फोनवर ती सरळ म्हणाली होती, "आजोबा, तुमच्या भुताची भीतीच वाटत नाही. या वेळी नाही वाटली, तर मला गोष्टी नकोत." गोष्टी गेल्या की आठवड्याचा तो एक फोनही गेला. मग घरात बोलायला भिंतीच उरणार.

म्हणून त्याने जुनी युक्ती काढली. विहिरीत हाक मारली की घुमारा मागून येतो; भुताचा मात्र आधी यायला हवा. त्यासाठी आवाज उलटा फिरवायचा, त्यावर घुमारा चढवायचा आणि सगळं पुन्हा सुलटं करायचं. मग आधी लांबून काहीतरी सरसरत येतं आणि मागोमाग शब्द कानाशी येऊन उभा राहतो.

त्याने उलटं केलं, घुमारा चढवला आणि सुलटं करायचं विसरून तसंच पाठवून दिलं. मग हेडफोन लावून पुढच्या गोष्टीसाठी मुद्रित केलेली दाराची करकर ऐकत बसला.

तिकडे त्याच्या मुलीने, नातीच्या आईने, ते आधी ऐकलं. बाबांचा आवाज, पण शब्द एकही कळेना! सहा फोन केले, एकही उचलला गेला नाही. शेवटी तिने बाबांच्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना वर पिटाळलं. बेल वाजवून त्या थकल्या, तेव्हा कुलूपवाल्याला बोलावून दार उघडवलं.

खांद्यावर हात पडताच म्हातारा असा किंचाळला, की कुलूपवालाही किंचाळला.

"काका, आ करा."

"का?"

"तुमची वाचा गेलीय."

"मग आत्ता कोण बोलतंय?"

"बघू द्या हो! मी दातांची डॉक्टर, मला एवढंच तपासता येतं."

एक दाढ किडलेली निघाली. मग खुलासा झाला, चहा झाला, कुलूपवाल्याने स्वतःच्या घरचं रडगाणंही गायलं. तासभर घर कसं भरलेलं होतं. मग नवं कुलूप बसवून सगळे गेले.

संध्याकाळी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, गोष्टी आता बास. रोज सकाळी 'मी ठीक आहे' एवढंच पाठवा. घुमारा-बिमारा काही नको."

"अगं, पण ती वाट बघेल..."

"जिवाला घोर लागतो, बाबा!"

सकाळी तो माइकसमोर बसला. "मी ठीक आहे." तीनदा म्हणून पाहिलं, पटेना. चौथ्यांदा म्हटलेलं तसंच, कोरडंच पाठवून दिलं.

मिनिटभरात नातीचा आवाज आला, अगदी दबका.

"आजोबा, आत्ता जमलं! अंगावर काटाच आला. पुढे काय होतं हो त्या माणसाचं?"