सातव्या मजल्यावरचा आजार

वारज्यातील 'टेकडी व्ह्यू' सहकारी गृहरचना संस्थेची लिफ्ट बंद पडली, ही घटना फारशी गंभीर नव्हती. लिफ्ट हे यंत्र आहे आणि यंत्रे बंद पडतात. गंभीर बाब ही होती की सातव्या मजल्यावरचे रावसाहेब त्याबद्दल रोज तक्रार करत होते.

संस्थेच्या नावातील टेकडी इमारत बांधताना काढून टाकण्यात आली होती. व्ह्यू शिल्लक होता, तो समोरच्या इमारतीचा. रहिवासी बहुतेक हिंजवडीला जाणारे. लिफ्ट बंद असल्याचे त्यांना कंपनीच्या बसमध्ये आठवत नसे आणि घरी पोहोचल्यावर त्यावर बोलण्याइतका दम उरत नसे. रावसाहेब मात्र टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागातून निवृत्त झालेले. उभी नोकरी दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकण्यात गेल्यावर आपल्यालाही एखादी करण्याचा हक्क आहे, असा त्यांचा समज होता.

तक्रारीमागचे कारण साधे होते. पत्नी वेणूबाई यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. त्या लिफ्टने घरी आल्या, आणि लिफ्टने त्याच आठवड्यात अंग टाकले. जिना चढायचा-उतरायचा नाही, असे हाडांच्या डॉक्टरांनी बजावले होते. मुलगी श्रद्धा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पण माहेर सातव्या मजल्यावर असल्यामुळे ती मंडईजवळच्या सासरीच राहिली. नात झाली. जावयाने ई-मेलवर फोटो पाठवले. ते वेणूबाईंनी पाहिले. मांडीवर घेता आले नाहीत. पुढच्या महिन्यात बारसे होते. तोवर लिफ्ट सुरू व्हावी, एवढेच रावसाहेबांचे म्हणणे.

संस्थेचा अध्यक्ष ऋषी हा एका सॉफ्टवेअर कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर होता आणि दुसऱ्या मजल्यावर राहत होता. त्याने रावसाहेबांना बसायला खुर्ची दिली.

"काका, लिफ्टचं प्रोसेसमध्ये आहे."

"प्रोसेस कितव्या मजल्यावर अडकलीय?"

"बिल्डर म्हणतो, लिफ्ट सोसायटीला हँडओव्हर केली. आपण म्हणतो, केलीच नाही. लीगली बघितलं तर ही लिफ्ट सध्या कुणाचीच नाहीये."

"मग मी घेऊन जातो वर."

ऋषीने ही तक्रारसुद्धा संगणकात नोंदवली. त्या रात्री त्याने तक्रारींचा आलेख काढला आणि तो चकित झाला. जवळजवळ सगळ्या तक्रारी एकाच घरातून येत होत्या. कंपनीत एकाच सर्व्हरवरून इतके इशारे आले असते, तर त्याने आधी तो सर्व्हर तपासला असता. कार्यकारी समितीला त्याने ही गोष्ट स्लाइडवर समजावून सांगितली. शेवटच्या स्लाइडवर लिफ्टच्या दुरुस्तीपेक्षा माणसाची दुरुस्ती किती स्वस्त पडते, हे दाखवले होते. 'रावसाहेब यांचे मानसिक स्वास्थ्य हा संस्थेच्या आस्थेचा विषय असून त्यांच्यावर संस्थेतर्फे उपचार व्हावेत', असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

उपचारांची सोय इमारतीतच होती. तळमजल्यावर दोन गाळे एकमेकांना लागून होते. एकात मनोविकारतज्ज्ञ डॉ. हिंमतराव कोंढरे बसत, दुसऱ्यात समुपदेशक अपेक्षा मॅडम. डॉक्टरांच्या मते माणसाचे सारे दुःख मेंदूतील रसायनांत असते; मॅडमच्या मते ते बालपणात असते. मधली भिंत पातळ असल्याने दोघांनाही एकमेकांची मते पाठ होती.

"झोप लागते का?" डॉक्टरांनी विचारले.

"खाली कुरिअरवाला आला नाही, तर लागते."

"चिडचिड होते?"

"होते. लिफ्टपाशी."

"इतर ठिकाणी?"

"इतर ठिकाणच्या लिफ्ट चालतात."

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी पेन खाली ठेवले. "खरं सांगू का, तुमचा त्रास परिस्थितीमुळे आहे."

"मग तसं लिहून द्या."

"देऊन उपयोग काय? परिस्थितीवर माझ्याकडे गोळी नाही, मेंदूवर आहे. आणि कमिटीनं तुम्हाला पाठवलंय, परिस्थितीला नाही."

शेजारच्या गाळ्यात दिवा मंद होता आणि खुर्च्या मऊ होत्या. अपेक्षा मॅडमनी त्यांना डोळे मिटायला सांगितले.

"काका, लिफ्ट तुमच्यासाठी कशाचं प्रतीक आहे?"

"वर जाण्याचं."

मॅडमनी 'अपुरी महत्त्वाकांक्षा' असे लिहून घेतले. "आणि बंद लिफ्ट?"

"बंद लिफ्ट बंद लिफ्टचंच प्रतीक आहे, बाई."

"वडिलांशी संबंध कसे होते तुमचे?"

"उत्तम. ते तळमजल्यावर राहायचे."

आता अडचण उभी राहिली. डॉक्टरांचा अहवाल रसायनांकडे बोट दाखवत होता, मॅडमचा बालपणाकडे. संस्थेला एकच कारण हवे होते, कारण ऋषीच्या तक्त्यात कारणासाठी एकच रकाना होता. म्हणून विशेष सर्वसाधारण सभा बोलावून मतदान घेण्याचे ठरले. विषयपत्रिकेवर एकच विषय होता : रावसाहेबांच्या आजाराचे मूळ मेंदूत आहे की मनात?

सभा पार्किंगमध्ये भरली. वेणूबाई सातव्या मजल्याच्या गॅलरीतून ऐकत होत्या. इमारत ज्यांच्या शेतावर उभी होती ते महिपती पहिल्या मजल्यावर राहत. त्यांनी सुरुवातीलाच हात वर केला. "मी म्हंतो, गोळी द्या. काम झटपट हाय. आन् वैनींना खाली आणायचंच आसंल तर खुर्चीत बशिवू, माझी चार पोरं उचलून आणतील. त्यात काय?"

सूचना इतकी सोपी होती की तिच्यात काहीतरी धोका असणार, हे सर्वांना जाणवले. तो ऋषीने नेमका पकडला. "महिपतीमामा, सदस्याला खुर्चीतून उतरवलं, तर लिफ्ट बंद आहे हे आपण मान्य केल्यासारखं होईल. उद्या बिल्डर तेच कोर्टात दाखवेल."

"मग चालू हाय का लिफ्ट?"

"तो विषय विषयपत्रिकेवर नाहीये."

रावसाहेब बोलायला उठले, तेव्हा रुग्णाने स्वतःच्या आजाराबद्दल मत देणे नियमात बसत नसल्याचे त्यांना सांगण्यात आले. ते खाली बसले. खालच्या मजल्यांनी गोळीच्या बाजूने मत दिले, वरच्या मजल्यांनी समुपदेशनाच्या. वरच्यांना कुणाशी तरी बोलायचे होते. मते समसमान पडली आणि अखेर लोकशाही परंपरेला धरून दोन्ही उपचार एकदम सुरू करण्याचे ठरले.

ते लागू पडले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. काही दिवसांतच रावसाहेबांचा आवाज खाली आला. ते जिन्यात प्रत्येक वळणावर थांबून खोल श्वास घेऊ लागले. दूधवाल्याने पिशवी तळमजल्यावरच ठेवली, तर म्हणू लागले, "असू दे, त्यालाही मन आहे." ऋषीचा आलेख जमिनीला टेकला.

वेणूबाई घाबरल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाला रेडिओच्या बातम्यांशीसुद्धा वाद घालताना पाहिले होते.

"अहो, आज कुणाशी बोलला नाहीत ते?"

"बोललो की. सगळ्यांशी छान बोललो."

"लिफ्टचं काय झालं?"

"लिफ्ट तिच्या जागी आहे. आपण आपल्या जागी आहोत."

वेणूबाईंनी रिसीव्हर उचलला आणि ऋषीला स्वतः फोन केला. त्यांच्या भाषेत रावसाहेबांचा कोरडेपणा नव्हता, पण जोर बराच होता. ऋषीने तो फोन तक्रारीऐवजी लक्षण म्हणून नोंदवला आणि समितीला धोक्याची सूचना दिली. आजार संसर्गजन्य होता.

त्यानंतर सहाव्या मजल्यावरच्या मालनबाई गॅसच्या सिलिंडरवरून बोलल्या, पाचव्यावरचा एक इंजिनिअर पाठीच्या दुखण्यावरून बोलला. सर्वांना तातडीने तळमजल्यावर पाठवण्यात आले. मालनबाईंनी मॅडमना सांगितले की सिलिंडर जड आहे. तो नेमका कोणत्या नात्याचा भार आहे, यावर दोघींची तीन सत्रे झाली. इंजिनिअरला गोळीने इतके बरे वाटले की तो पाठ विसरून लिफ्टच्या दारासमोर नुसता हसत उभा राहू लागला.

रुग्ण वाढले तसा मॅडमचा गाळा अपुरा पडू लागला. तेव्हा ऋषीच्या लक्षात आले की तळमजल्यावर एक शांत, बंदिस्त जागा विनावापर पडून आहे. आत आरसा आहे, पंखा चालतो, दार सरकते. दोन खुर्च्या दाटीवाटीने मावल्या. बाहेर पाटी लागली : 'आत समुपदेशन चालू आहे. बटण दाबू नये.' डॉक्टरांनी या विस्ताराला हरकत घेतली. तडजोड म्हणून त्यांचे गोळ्यांचे कपाट आत, बटणांच्या खाली बसवण्यात आले. दोन विचारपद्धती प्रथमच एका छताखाली आल्या, असे ऋषीने संस्थेच्या वार्षिक अहवालात लिहिले.

बारशाच्या आदल्या सकाळी लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक आला. बिल्डर कोर्टकचेरीला घाबरला होता आणि त्याने स्वतःहून माणूस पाठवला होता. मेकॅनिकने हत्यारांची पिशवी खाली ठेवून दारावर टकटक केली. दार जरा सरकले. आत इंजिनिअर डोळे मिटून बसला होता.

"अर्ध्या दिवसाचं काम आहे," मेकॅनिक म्हणाला. "एक पार्ट बदलला की झालं."

अपेक्षा मॅडमनी ओठांवर बोट ठेवले. डॉक्टर म्हणाले, उपचार मध्येच तोडणे रुग्णांना घातक ठरेल. ऋषीने कंपनीतून फोनवर विचारले, "लिफ्टबद्दल सध्या किती कम्प्लेंट्स ओपन आहेत?" एकही नव्हती. तक्रार नसताना दुरुस्ती करणे नियमबाह्य होते. मेकॅनिकच्या कागदावर 'दोष आढळला नाही' असे लिहून सही करण्यात आली.

महिपतींची पोरे त्याच संध्याकाळी खुर्ची घेऊन सातव्या मजल्यावर गेली. समितीला विचारण्याची महिपतींना गरज वाटली नव्हती. वेणूबाईंनी नऊवारी काढून ठेवली होती, बाळासाठी शिवलेले झबले पिशवीत भरले होते. दार रावसाहेबांनी उघडले.

"चला काका, काकींना आत्ताच नेतो खाली. गाडी उभी हाय."

रावसाहेबांनी पोरांकडे प्रेमाने पाहिले. "कशाला रे बाळांनो? केवढा त्रास तुम्हाला. शिवाय नियमात बसत नाही. जा तुम्ही. आम्ही ठीक आहोत."

वेणूबाई आतून भिंत धरत दारापर्यंत येईतो पोरे खुर्ची घेऊन उतरून गेली होती.

बारसे फोनवरून झाले. जावयाने मोबाइल पाळण्याजवळ धरला होता. पलीकडे बायकांचा गलका, बांगड्या, कुणीतरी घुगऱ्या मागत होते. वेणूबाईंनी नऊवारी नेसून, रिसीव्हर दोन्ही हातांत धरून पाळणा म्हटला. मध्येच लाइन खरखरली आणि नातीचे नाव त्यांना नीट ऐकू आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा तिकडे टाळ्या चालू होत्या.

त्यांनी फोन ठेवला. रावसाहेब समोरच बसले होते, शांत, हसऱ्या चेहऱ्याने.

"अहो," वेणूबाई म्हणाल्या, "कुणाला तरी सांगा हो. भांडा कुणाशी तरी."

"कुणाशी भांडू?" रावसाहेबांनी मनापासून विचार केला. "सगळे बरे झालेत."

या हकिगतीने आपल्याला संताप आला असेल, उठून कुणाला तरी जाब विचारावासा वाटत असेल, तर ती लक्षणे अंगावर काढू नका. 'टेकडी व्ह्यू'मध्ये बाहेरच्या रुग्णांनाही वेळ मिळते. शिरताच समोर लिफ्ट आहे. मात्र चुकचुकून पुढचे पान उलटावेसे वाटत असेल, तर काळजीचे कारण नाही. आपली प्रकृती उत्तम आहे.