चूक न झालेलं डाळिंब

अनुभव हा चुकांनी मोजायचा असतो, हे ज्याला पटत नाही त्याने बोन्सायच्या वाटेला जाऊ नये. पाणी जास्त झाल्याशिवाय पाणी किती घालावं ते कळत नाही, आणि झाड मेल्याशिवाय ते आजवर जिवंत होतं याची खात्री पटत नाही. आमचं बोन्साय अनुभव मंडळ याच पायावर उभं आहे. (प्रत्यक्षात ते एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर उभं आहे. गच्चीचा मुद्दा पुढे येईल.)

इतर मंडळांत ज्याचं झाड सुंदर त्याचा सत्कार होतो. हा मागासलेपणा आम्ही पहिल्याच वर्षी मोडीत काढला. सुंदर झाड काय, नशिबानेही होतं. मेलेल्या झाडामागे मात्र माणसाचे कष्ट असतात. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचे सभासद उभं राहून आपापली चूक सांगतात आणि चूक-पत्रक भरतात. पत्रकात तीन रकाने आहेत: काय चुकलं, त्यातून काय शिकलात, आणि पुढची चूक अंदाजे केव्हा. तिसरा रकाना नियोजनासाठी आहे.

मी मंडळाचा सचिव. पस्तीस वर्षं वजनमापांच्या कचेरीत गेल्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. गेल्या वर्षीच्या चुकांची वर्गवारी अशी: पाणी जास्त, अडतीस टक्के. पाणी कमी, एकतीस टक्के. एकाच झाडाला एकाच आठवड्यात दोन्ही, नऊ टक्के. गावाला जाताना मेव्हण्याला सांगून गेलो होतो, चौदा टक्के. उरलेल्या आठ टक्क्यांत सभासदाने सगळं बरोबर केलं होतं, चूक झाडाची होती.

हुद्देही त्यावरूनच ठरतात. पाच झाडं गेली की माणूस 'होतकरू', पंधरा गेली की 'जाणकार', तीस गेली की 'मार्गदर्शक'. मार्गदर्शक सध्या एकच आहेत, आमचे अध्यक्ष. ते निवृत्त दंतवैद्य असल्यामुळे मुळं पाहिली की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. त्यांच्या नावावर पस्तीस झाडं होती. त्यांचा सल्ला तंतोतंत पाळणारे दोन होतकरू सहा महिन्यांच्या आत जाणकार झाले, यावरून त्यांच्या शिकवण्याची ताकद लक्षात यावी.

अशा सुरळीत चाललेल्या मंडळात शिवणमावशी आल्या.

शिवणमावशींचं शिवणाचं दुकान होतं. दुकान उघडलं त्या वर्षी त्यांनी मशीनशेजारच्या खिडकीत एका पसरट कुंडीत डाळिंब लावलं आणि एकोणीस वर्षं ते वाढवलं. वाढवलं म्हणजे वाढू दिलं नाही, पण झाडाला ते कळू दिलं नाही. फांद्यांना वळण द्यायला आम्ही तार वापरतो. त्या शिवणाचा दोरा बांधून फांदी हळूहळू खाली ओढत. (दोऱ्याचा उल्लेख आमच्या नियमावलीत नाही.) वीतभर उंचीचं ते झाड दरवर्षी लाल फुलांनी भरायचं आणि त्याला गोटीएवढी सात-आठ डाळिंबं धरायची. गुडघे दुखू लागले तसं मावशींनी दुकान बंद केलं आणि मुलाकडे राहायला गेल्या. तिथल्या खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. सून स्वभावाने चांगली. म्हणाली, "आई, झाड ठेवा हो खुशाल, पण ऊन मी कुठून आणू?" महिन्याभरात झाडाची निम्मी पानं पिवळी पडली. ऊन आमच्या गच्चीवर होतं. मावशी सभासद झाल्या, रॅकवर दीड फूट जागा मिळाली आणि झाड पुन्हा हिरवं झालं.

अडचण कलम सातची होती. वर्षाला किमान तीन चुका न करणाऱ्या सभासदाने रॅक रिकामा करावा, असं ते कलम सांगतं. अकरा महिने झाले तरी मावशींचं पत्रक कोरं.

"मावशी, एकही चूक नाही? असं कसं चालेल?" अध्यक्षांनी विचारलं.

"अहो डॉक्टर, चुका काय कमी केल्यात मी? एकदा एका नवरीच्या पोलक्याला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या होत्या."

"झाडाबाबत विचारतोय."

"झाडाबाबत कशी करू? ते सांगतं ना काय हवं ते."

झाड सांगतं, हे उत्तर समितीला उद्धट वाटलं. बेचाळीस सभासदांच्या झाडांनी आजवर चकार शब्द काढला नव्हता.

जागा जाईल या भीतीने मावशींनी मनापासून प्रयत्न केला, हे मी सचिव या नात्याने नमूद करतो. कुणाचं चांगलं झाड मारणं त्यांच्याने होईना. म्हणून अध्यक्षांनी टाकून दिलेल्या कुंड्यांतून त्यांनी एक वाळकी काटकी उचलली आणि हे आपल्या हातून मेलं असं लिहावं, अशा बेताने घरी नेली. पण सवयीने त्यांनी तिची कुजलेली मुळं कापली, माती बदलली, दोन वेळा पाणी शिंपडलं. तिसऱ्या आठवड्यात काटकीला पालवी फुटली. मावशी रडवेल्या चेहऱ्याने कुंडी घेऊन सभेला आल्या. "मी काही नाही हो केलं," असं त्या सारख्या म्हणत होत्या.

परिणाम गंभीर झाले. ते झाड अध्यक्षांच्या पस्तीसमध्ये धरलेलं होतं. नियमाप्रमाणे मला एक आकडा खोडावा लागला आणि पस्तीसचे चौतीस झाले. अध्यक्षांनी तोल ढळू दिला नाही. ते झाड परत घरी नेलं आणि दहा दिवसांत आकडा पूर्ववत केला.

त्यानंतर समितीने मावशींच्या हिताचा ठराव मांडला. त्यांना चूक जमत नाही, कारण ती कशी करतात हे त्यांनी कधी जवळून पाहिलंच नाही. तेव्हा त्यांच्याच झाडावर मार्गदर्शकांनी प्रात्यक्षिक दाखवावं. ठराव मान्य नसल्यास रॅक रविवारपर्यंत रिकामा करावा.

मावशींनी कुंडी पोटाशी धरली. "डॉक्टर, फळं धरलीयेत त्याला. आत्ता मुळांना हात लावू नका, एवढं ऐका."

"हीच भीती तुम्हाला शिकू देत नाही, मावशी," अध्यक्ष प्रेमाने म्हणाले.

मावशींनी आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे, सावकाश. फळं धरलेल्या झाडाची मुळं उघडी करत नाहीत, हे गच्चीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. निम्म्या लोकांनी ती चूक स्वतः करून पाहिली होती. मी विचारलं, "कुणाची हरकत?" बेकरीवाले सभासद चष्मा पुसू लागले. ग्रंथपालबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. मी इतिवृत्तात 'हरकत नाही' असं लिहिलं आणि खाली सुबक रेघ मारली.

अध्यक्षांनी मावशींच्या हातून कुंडी घेतली आणि नळाखाली मुळं स्वच्छ धुतली, दातातली पोकळी साफ करावी तशी. दोन तृतीयांश कापली. दोरे काढून जाड तार घट्ट गुंडाळली आणि झाड भर उन्हात ठेवलं. आठवडाभर पानं हिरवीच होती, तेव्हा मार्गदर्शकांचा आत्मविश्वास पाहण्यासारखा होता. मग डाळिंबं एकेक करून गळली. तिसऱ्या रविवारी मावशींनी अंगठ्याच्या नखाने खोडाची साल किंचित खरवडली. साल आतून हिरवी निघाली तर झाड जिवंत असतं. ती तपकिरी निघाली. मावशींनी खरवडलेल्या जागेवर अंगठा दाबून धरला आणि बराच वेळ काढला नाही.

मला फार वाईट वाटलं. (तसं इतिवृत्तात घेतलं आहे.)

मंडळाने मात्र उदारपणा दाखवला. अवेळी मुळं उघडी करणं, ती अति कापणं, घट्ट तार बांधणं, अशा तिन्ही चुका झाडाच्या मालक म्हणून मावशींच्याच नावावर धरल्या. एका झाडात वर्षाचा कोटा पूर्ण! टाळ्या झाल्या. रॅकवरची दीड फूट जागा आता त्यांचीच झाली, आणि तिच्यावर ऊन उत्तम येतं.

दुसऱ्या रकान्यात, त्यातून काय शिकलात इथे, मावशींनी लिहिलं: "एवढी माणसं होती." समितीने हे उत्तर अपूर्ण ठरवून पत्रक परत न्यायला सांगितलं. मावशी ते न्यायला पुन्हा आलेल्या नाहीत.

त्यामुळे एक सभासदत्व रिकामं आहे. पात्रतेच्या अटी आम्ही सोप्या ठेवल्या आहेत. बागकामाची माहिती नसली तरी चालेल. उमेदवाराला जिवंत झाड चुकीच्या हातात जाताना लांबूनच ओळखता आलं पाहिजे, आणि तरीही ते कसं मरतं हे पाहायला त्याने शेवटपर्यंत बसून राहिलं पाहिजे. अधूनमधून हसू आलं तर उत्तमच. अर्ज करण्याची गरज नाही. आपण वाचत इथवर आलातच, तेव्हा आपलं नाव चढवलं आहे. कुणाची हरकत?